आण्णासाहेबांचा पुनवेचा नेम

ईट गावात आण्णासाहेबांच्या नेमाचा असा काही बोलबाला होता की शाळेतले मास्तर आळशी पोरांना झापताना त्यांचंच नाव घेत. पहाटे चारला उठायचं, साडेचारला म्हशींखाली बसायचं, सहाला खव्याच्या भट्टीला जाळ घालायचा. थंडी पडो, अंगात ताप असो, गावात कुणाचं लग्न असो नाहीतर मयत, आण्णासाहेबांची कढई चुकली नाही. खव्याचं काम तसंही चुकार माणसाचं नव्हेच. दूध आटायला लागलं की हातातलं उलथनं थांबवता येत नाही. जरा लक्ष दुसरीकडं गेलं की बुडाला लागतं आणि अख्खी कढई करपट वास मारते. आण्णासाहेबांचा उजवा हात चाळीस वर्षं त्या कढईत गोल फिरत होता. बासष्टाव्या वर्षीही तो थकलेला कुणी पाहिला नव्हता.

दुसरा नेम सहा वर्षांपूर्वीचा. पायात काही घालायचं नाही, आणि दर पुनवेला तुळजापूरला जायचं. भर उन्हाळ्यात डांबराला पाय चिकटायचे, काळ्या रानात बाभळीचे काटे मोडायचे, टाचांच्या भेगांत बोट जाईल इतकी दशा झाली. पण चप्पल नाही म्हणजे नाही. भूमला बस बदलून हा माणूस अनवाणी तुळजापूरच्या पायऱ्या उतरायचा आणि संध्याकाळी परत यायचा. लोक कौतुकानं म्हणत, "आण्णासाहेबांचं काम म्हंजे काम." ते काम काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि सगळी गफलत तिथंच झाली.

झालं होतं असं. आण्णासाहेब आणि कमलबाईंना एकच लेक, आरोही. धाराशिवला कॉलेजात शिकताना तिला मुरूमचा महांतेश भेटला. लिंगायताचा पोरगा, घरची डाळीची गिरणी, स्वभावानं अगदी गरीब. आरोहीनं घरी येऊन सरळ सांगितलं. आण्णासाहेब हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. चार महिने नुसते कढई हलवत राहिले. शेवटी दोघांनी सोलापूरला नोंदणी करून लग्न केलं. ती बातमी ईटला पोचली तशी भावकी त्यांच्या ओट्यावर गोळा झाली. आता हे काय बोलतात म्हणून सगळे तोंडाकडं बघत बसले. आण्णासाहेब उठले, पायातल्या चपला काढल्या आणि एकेक करून अंगणापलीकडच्या उकिरड्यावर भिरकावल्या. मग आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवसापर्यंत राग ओसरला. दांडीवर आरोहीची ओढणी तशीच वाळत पडली होती. लहानपणापासून तिची एक सवय होती. खवा उतरला की ती चमचा घेऊन भट्टीपाशी यायची आणि कढईच्या कडेची खरवड काढून खायची. कॉलेजातून सुट्टीला आली तरी पहिलं काम तेच. त्या सकाळी खवा उतरला आणि आण्णासाहेब रिकाम्या कढईकडं बघत उभे राहिले. मग देवघरापुढं जाऊन बसले आणि मनातल्या मनात तुळजाभवानीला नवस बोलले. आई, माझी आरोही आपल्या पायांनी ह्या उंबऱ्याच्या आत येईपर्यंत मी पायात काही घालणार नाही, आणि दर पुनवेला तुझ्या पायरीला येईन. नवस फिटेपर्यंत कुणाजवळ बोलायचा नसतो, असं त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं. त्यांनी तो कमलबाईंनाही सांगितला नाही.

आता बाकीच्यांनी काय पाहिलं? पोरगी गेली त्या दिवशी ह्या माणसानं चपला फेकल्या आणि परत कधी घातल्या नाहीत. भावकीनं सरळ अर्थ लावला. आण्णासाहेबांनी शपथ घेतली, पोरीचं तोंड म्हणून बघणार नाहीत. ही गोष्ट फिरत फिरत त्यांच्या कानावर आली. त्यांनी ती खोडली नाही. नवस सांगता येत नव्हता हे खरंच. पण त्या शपथेमुळं भावकीत त्यांची मान जी ताठ राहिली होती, ती वाकवायलाही जीव होत नव्हता. एवढ्या सरळ माणसात एवढी लबाडी असायचीच, आणि तिचं मोल त्यांनी पुढं पुरेपूर मोजलं.

सहा वर्षं त्यांनी वाट बघितली. वाट बघण्याचाही त्यांनी नेमच करून टाकला म्हणा ना. पूर्वी भट्टीपाशी ते रस्त्याकडं पाठ करून उभे राहत. आता तोंड करून उभे राहू लागले. भूमकडून येणारी बस फाट्यावर थांबली की हात फिरतच राहायचा, पण डोळे उतरणाऱ्या एकेका बाईवर. नागपंचमीला तर जीव नुसता टांगणीला लागायचा. गल्लीतल्या साऱ्या लेकी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके बांधलेले, हातांवर मेंदी. आण्णासाहेब धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून ओट्यावर बसायचे. यंदा येईल. आपल्या पायांनी येईल. दिवस कलला की उठायचे आणि कुणाशी न बोलता म्हशींना वैरण टाकायचे.

यंदाच्या चैत्री पुनवेला मात्र त्यांच्या ह्या शिस्तशीर दुःखाला तडा गेला.

तुळजापूरला त्यांच्या घराण्याचे उपाध्ये गोपाळकृष्ण. दर्शन झालं की त्यांच्या घरी टेकायचं, त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकू वाढतील ते पिठलं-भात खायचं आणि परतीची बस धरायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या दिवशी ताक वाढताना काकू त्यांच्या टाचांकडं बघत थांबल्या.

"आण्णासाहेब, एक विचारू? राग मानू नका."

"इचारा की काकू."

"ही शपथ अजून किती वर्षं चालायची?"

आण्णासाहेबांनी मान खाली घातली. "ते सांगत नसतेत."

"नका सांगू. पण पोरीकडं बघवत नाही म्हणून बोलते. आरोही येते माझ्याकडं. लेकीला घेऊन येते. अर्पिता नाव ठेवलंय, चार वर्षांची झाली. पण पुनव टाळून येते. मी एकदा म्हटलं, अगं, पुनवेला ये की. तर म्हणाली, काकू, पुनवेला आण्णा असतात. मी त्यांच्या नजरेला पडले तर त्यांची शपथ मोडेल. इतकी वर्षं अनवाणी चाललेत ते. माझ्यामुळं वाया नको जायला."

आपल्याला चार वर्षांची नात आहे हे आण्णासाहेबांना ताकाची वाटी हातात असताना कळलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. ज्या पायरीला ते येत होते त्याच पायरीला लेक येत होती, सहा वर्षं. आणि बापाचा नेम मोडू नये म्हणून दिवस चुकवत होती. त्यांना रडू आलं. परक्याच्या घरी पानावर बसून रडणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसल्यासारखं केलं.

"शपथ न्हाय ती, काकू," ते म्हणाले. "नवस हाय. पोरगी घरी यावी म्हणून."

प्रेमलाकाकूंनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "देवीला सांगितलंत, ते देवीनं ऐकलं असेल. पण पोरीला कुणी सांगितलं?"

आण्णासाहेबांनी ताकाची वाटी पानापासून दूर सरकवली.

"मी सांगू तिला?"

"नगं काकू. म्याच सांगतो."

बोलायला सोपं होतं. घरी येऊन ते कमलबाईंसमोर बसले. त्या ज्वारी निवडत होत्या.

"आरोहीसंग बोलतीस व्हय तू?"

कमलबाईंचा हात थांबला. सहा वर्षांत ते नाव त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "बोलते. दर सोमवारी फोनवर, तुमी म्हशी घेऊन गेलाव की. रागं भरायचं तर भरा."

"काय म्हणती?"

"तुमी जेवलाव का इचारती. पायाला तेल लावता का इचारती."

"आन तू काय सांगतीस तिला?"

"काय सांगू? तुमची शपथ हाय, इकडं यिऊ नगं म्हणून म्याच सांगितलंय तिला. दुसरं काय सांगणार?"

आण्णासाहेबांच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण काकूंजवळ नवस एकदा फुटलाच होता. आणखी बोललं तर उरलासुरलाही वाया जाईल अशी भीती वाटली. आणि त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. नवस होता की आरोही आपल्या पायांनी येईल. आता आपणच उठून मुरूमला गेलो तर देवीवर भरवसा नव्हता असंच झालं. सहा वर्षांची पायपीट, त्या भेगा, ते काटे, सगळं मातीमोल. न जावं तर पोरगी अशीच पुनवा चुकवत म्हातारी होणार. ते उठून म्हशींकडं गेले.

पण दुसऱ्या दिवसापासून भट्टीवर नवीनच काहीतरी सुरू झालं. कढई हलवताना आण्णासाहेबांचे ओठ हलायला लागले. लेकीसमोर उभं राहिलं तर पहिलं वाक्य काय बोलायचं, याची ते तालीम करत होते. 'आरोही, कशी हायेस?' हे वाक्य आठ दिवस टिकलं, मग ते त्यांनाच पोकळ वाटलं. 'म्या चुकलो' हे चार दिवसही टिकलं नाही. तोंडातून बाहेर येताना अडकायचं. रोज सकाळी एका कढईभर वेळ ते वाक्य घडवायचे आणि मोडायचे. कमलबाई गोठ्याच्या दारातून बघायच्या आणि काही न विचारता आत जायच्या.

तुमच्याआमच्यासारख्या माणसानं दुसऱ्याच दिवशी मुरूमची वाट धरली असती. पण कढई चुकवून मधल्याच एखाद्या मंगळवारी घराबाहेर पडावं, हे आण्णासाहेबांच्या डोक्यातच आलं नाही. जायचं ते पुनवेलाच. वैशाखी पुनवेला दर्शन करून ते ईटकडची बस सोडून उमरग्याच्या बसमध्ये बसले. आयुष्यात पहिल्यांदा तुळजापूरच्या पुढं निघाले होते. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, बाबा?" मनात मुरूम होतं, तोंडातून 'नळदुर्ग' निघालं. नळदुर्गला उतरून किल्ल्याकडं बघत तासभर बसले, एक चहा घेतला आणि मागं फिरले. घरी उशीर झाल्याचं कारण सांगितलं, बस चुकली.

ज्येष्ठी पुनवेला 'जळकोट' म्हणायची हिंमत झाली. तिथल्या हॉटेलवाल्यानं, "पाव्हणं, पुढं कुठं?" असं सहज विचारलं. 'हितंच काम हाय' असं सांगून त्यांनी तिथंही चहा घेतला. परत येताना खिडकीतून बाहेर बघत त्यांनी हिशेब केला की अजून दोन टप्पे राहिले. स्वतःची लाज वाटत होती आणि तरी थोडं बरंही वाटत होतं. लेक तेवढी जवळ आली होती.

दोनदा बस चुकली म्हटल्यावर कमलबाई काय ते समजल्या. आषाढी पुनवेला त्यांनी भाकरीच्या फडक्याशेजारी पळसाच्या पानात बांधलेला खवा ठेवला. "वाटंत खायला हाय व्हय हे?" आण्णासाहेबांनी विचारलं. "ज्येला द्यायचा त्येला द्या," म्हणून त्या चुलीकडं वळल्या. त्या खेपेला आण्णासाहेब महामार्गावरून मुरूमकडं वळायच्या फाट्यापर्यंत पोचले. जीपवाले 'मुरूम, मुरूम' म्हणून ओरडत होते. एकानं तर त्यांची पिशवी उचलून आत ठेवली. त्यांनी ती परत काढून घेतली. पहिलं वाक्य अजून ठरलं नव्हतं. खवा उन्हानं आंबायला लागला तेव्हा तो एका जीपवाल्याच्या हातावर ठेवून ते माघारी आले.

त्या संध्याकाळी त्यांनी जेवायला नको म्हटलं.

मग श्रावण लागला. पंचमीला ते सवयीनं धुतलं धोतर नेसून ओट्यावर बसले. झोक्यावरच्या पोरी गाणी म्हणत होत्या. यंदा मात्र त्यांना पहिल्यांदाच कळलं की आपण जिची वाट बघतोय ती येणार नाही, येऊच शकत नाही. आपल्याच गप्प बसण्यानं तिची वाट अडवली आहे. ते दुपारीच ओट्यावरून उठले. पुढच्या दहा दिवसांत भट्टीवर त्यांचे ओठ हलले नाहीत.

पुनवेला देवीच्या पायरीवर डोकं टेकून ते म्हणाले, "आई, तुजा नेम म्या मोडतोय. काय शिक्षा करायची ती मला कर." आणि मुरूमला गेले.

धान्याच्या मोंढ्याजवळच्या एका किराणा दुकानात बसलेल्या गुंडाप्पा नावाच्या म्हाताऱ्यानं त्यांना महांतेशचं घर दाखवलं. दाखवताना त्याची नजर त्यांच्या पायांवर गेली. "तुमी ईटचे काय?" त्यानं विचारलं. मुरूमलाही ती गोष्ट पोचली होती तर. आण्णासाहेब मान हलवून पुढं झाले.

दार उघडं होतं. आत अंगणात डाळ वाळत घातली होती आणि एक चिमुरडी तीत बोटानं रेघोट्या काढत बसली होती. तिच्या पलीकडं आरोही पाठमोरी उभी राहून सुपात डाळ पाखडत होती. जरा भरली होती अंगानं. सहा वर्षांत आण्णासाहेबांनी तिला जितक्या वेळा डोळ्यांपुढं आणलं होतं तितक्या वेळा ती कॉलेजातल्यासारखी बारीकच होती.

"आई, कुणीतरी आबा आलेत," चिमुरडी म्हणाली.

आरोहीनं मान वळवली. बाप दारात दिसला मात्र, तिच्या हातातलं सूप खाली पडलं, आणि तिनं झटक्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. पदर डोक्यावरून पुढं ओढून तोंड पार झाकून घेतलं.

"आण्णा, बघू नगा," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "बघू नगा माझ्याकडं. तुमची शपथ मोडंल."

चार महिने घोटलेलं एकही वाक्य आण्णासाहेबांना आठवलं नाही. ते दाराची चौकट धरून उभे राहिले.

"शपथ न्हवती गं ती, पोरी," ते म्हणाले. "कवाच न्हवती. तू घरी यावीस म्हणून भवानीआईला नवस बोललो होतो. तू आपल्या पायांनी येशील तवा पायात घालीन म्हणलं होतं. लोकांनी शपथ म्हणलं, आन म्या गप बसलो. रोज वाट बघितली तुजी. दर पंचमीला बघितली."

आरोहीची पाठ हलत होती. पोरगी एकदा आईकडं, एकदा ह्या नव्या आबाकडं बघत होती.

"आण्णा," आरोही म्हणाली, तोंड तसंच भिंतीकडं, "तुमी आत्यांना आणायला किती वर्षं जात होतात?"

आण्णासाहेबांना कळेना. "जात होतो की. दर पंचमीला."

"मग लेक कधी आपली आपण जाती व्हय माहेरी? तुमी आत्याला मुराळी म्हणून जायचात, तवा ती यायची. मुराळी आल्याबिगर कोण पाय काढतं सासरातनं?" तिनं पदराखालूनच नाक पुसलं. "आई म्हणायची, यिऊ नगं, शपथ हाय. तरी मला वाटायचं, एखाद्या पंचमीला आण्णा शपथ मोडतील. दर पंचमीला म्या पिशवी भरते, आण्णा. सकाळी अंगोळ करून हितं ओट्यावर बसते. महांतेश म्हणतो, नको बसू. सासूबाई म्हणत्यात, बसू द्या, येईल कुणीतरी. सांजच्याला आत जाऊन रिकामी करते."

आण्णासाहेब उंबऱ्यावरच बसले. लहानपणापासून म्हातारपणापर्यंत त्यांनी तीन बहिणींचं मुराळपण केलं होतं. पंचमीला लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आणि तेच त्यांनी पोटच्या पोरीसाठी सहा वर्षं केलं नाही. सारं देवीवर सोपवून ते धुतलं धोतर नेसून ओट्यावर बसून राहिले. तिकडं ते बसलेले, इकडं ती बसलेली, एकाच दिवशी, एकाच वेळी. रोजच्या रोज, महिन्याच्या महिन्याला त्यांनी केवढं तरी केलं होतं. करायचं तेवढं मात्र केलं नव्हतं.

"आण्णा, खरं सांगा," आरोही म्हणाली. "नुसतं भेटायला आलाव, का न्यायला?"

न्यायला म्हटलं की आपल्या पायांनी येण्याचा नवस संपला. तो आता कधीच फिटायचा नव्हता. आण्णासाहेबांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"न्यायला आलोय," ते म्हणाले. "तुला आन अर्पिताला. घिऊनच जाणार हाय."

तेव्हा कुठं आरोही वळली.